जुन्या गाडीचं दुखणं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मी गाडीखाली होतो. म्हणाले, तुला पण बोलायचंय. मी म्हणलं, डॉक्टर बोलायलेत, तहसीलदार बोलायलेत, मी मिस्त्री माणूस काय बोलू? तर म्हणाले, आपल्या बॅचमधल्या निम्म्या लोकांच्या गाड्या पंधरा-वीस वर्षांच्या झाल्यात, विकायचं मन होत नाही आणि नीट चालतही नाहीत, त्यावर बोल. सकाळी गेटात उभा राहून तुमच्या गाड्या आत येताना ऐकत होतो. तीन गाड्यांचा आयडल हलतोय. एका गाडीचा कॉम्प्रेसर दर पाच सेकंदाला टक-टक करत लागतोय आणि सुटतोय. नावं घेत नाही, जेवणानंतर बघू.

दहावीला मला गणितात किती पडले ते इथं बसलेल्या सरांना माहीत आहे, त्यामुळं ते सोडून देतो. लातूरला आयटीआय केलं, मोटार मेकॅनिक. त्यानंतर लातूरलाच एका चाचांच्या गॅरेजवर लागलो. चाचांचं एकच वाक्य होतं, "पैले देख, फिर सुन, फिर हात लगा." आम्ही पोरं उलटं करायचो, आधी पाना घेऊन सुटायचो. त्या काळी ते चालूनही जायचं. अ‍ॅम्बॅसिडर, जीप, मारुती ८००, सगळा कार्बोरेटरचा कारभार. जेट तोंडानं फुंकलं, स्लोचा स्क्रू अर्धा आटा फिरवला की गाडी आयडलला बसायची. डिझेल असेल तर एअर काढायची. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतरचे कित्येक दिवस आम्ही मदतीच्या जीपगाड्या दुरुस्त करत होतो. पडलेल्या घरांच्या मातीनं एअर फिल्टर भरून जायचे. रस्त्याच्या कडेला, कंदिलाच्या उजेडात, पक्कड आणि दोन रिंग पान्यांवर गाड्या पुन्हा चालू केल्या. माझी समजूत तेव्हाच पक्की झाली, की गाडी म्हणजे हाताला कळणारी गोष्ट. ती समजूत मला पुढं महागात पडली. मला म्हणण्यापेक्षा दुसऱ्याला पडली, तेच सांगायला उभा आहे.

१९९९ ला मी नांदेडला लातूर फाट्याजवळ स्वतःचं गॅरेज टाकलं, आणि त्याच सुमारास इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्या आपल्याकडं दिसायला लागल्या. १९९८ ला सँट्रो आली ती इंजेक्शन घेऊनच. २००० च्या आसपास मारुती ८०० ला सुद्धा कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय आलं. लोक त्याला 'सेन्सरवाली गाडी' म्हणायचे आणि मिस्त्री लोक हात जोडायचे.

आता हे इंजेक्शन म्हणजे काय, दोन मिनिटांत सांगतो. कार्बोरेटरमध्ये हवा जाताना पेट्रोल ओढून नेते, तिथं हिशेब ठेवणारं कुणी नाही. इंजेक्शनमध्ये टाकीतला पंप साधारण तीन बार दाबानं पेट्रोल नळीत भरून ठेवतो. प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी एक बारीक विजेचा नळ आहे, तो इंजेक्टर. तो किती मिलीसेकंद उघडायचा हे कॉम्प्युटर ठरवतो. आणि कॉम्प्युटर आंधळा आहे. त्याला इंजिन दिसत नाही, सेन्सर सांगतील तेवढंच कळतं. इंजिन किती गरम आहे, हवा किती येतेय, पाय किती दाबलाय, आणि सगळ्यात महत्त्वाचं, क्रँक कुठं आहे आणि किती वेगानं फिरतोय. क्रँकचा सेन्सर गप्प झाला तर कॉम्प्युटरच्या लेखी इंजिन फिरतच नाही. मग तो ठिणगीही देत नाही, पेट्रोलही देत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पहिल्या रांगेत आपल्या विज्ञानाच्या बाई बसल्यात. पुढचं सगळं त्यांच्या परवानगीनं सांगतोय. परवानगी देताना म्हणाल्या, "सांग, पण माझी बाजू वाढवून सांगू नको."

बाईंकडं २००३ ची एक छोटी पेट्रोल गाडी आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक गाडीची नव्हती. बाई गाडी चालवायला शिकल्या त्या निवृत्तीच्या वर्षी, कारण काकांचं डायलिसिस सुरू झालं. लोह्याहून नांदेड, तीस-पस्तीस किलोमीटर, आठवड्यातून दोनदा. चार तास मशीनवर, मग परत. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे तुम्हाला माहीत आहे. म्हणून गाडीत एसी पाहिजेच. चैनीसाठी नव्हे.

२०१७ च्या मार्चमध्ये बाईंचा फोन आला. "अरे, सोनखेडच्या अलीकडं गाडी बंद पडलीय. सेल मारतोय, पण धरत नाही." मी दुसऱ्या गाडीच्या कामात होतो. फोनवरच सांगितलं, बॉनेट उघडा, पेट्रोलच्या नळीवर ओला फडका टाका, वीस मिनिटं थांबा. वीस मिनिटांनी गाडी चालू झाली. मला केवढा अभिमान वाटला! म्हणलं, बघा, पेट्रोल गरम होऊन वाफ धरायलंय.

हा फडका चाचांच्या काळातला. कार्बोरेटरच्या गाड्यांत पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला असायचा आणि दाब अगदी कमी. उन्हाळ्यात खरंच नळीत वाफ व्हायची. लातूर-नांदेड रस्त्यावर अहमदपूरचा घाट चढून आलेल्या गाड्यांच्या पंपावर ओलं पोतं मी किती वेळा टाकलंय. पण तीन बार दाबाखालच्या पेट्रोलची वाफ एवढ्या सहज होत नाही, आणि इंजेक्शनचा पंप टाकीत बुडालेला असतो. हे मला माहीत होतं. माहीत असून मी जुन्या सवयीनं निदान केलं. आणि गाडी चालू झाली म्हणून निदान बरोबर ठरवलं. खरं तर फडका न टाकता नुसती वीस मिनिटं थांबली असती तरी ती चालू झाली असती. हे मी तपासलंच नाही.

पुढचं ऐका. मी पंप बदलला, फिल्टर बदलला. दहा दिवसांनी परत बंद. मग कॉइल आणि प्लग. परत बंद. मग पंपाचा रिले. प्रत्येक वेळी गाडी सकाळी माझ्याकडं यायची, मी गारव्यात तपासायचो, सगळं ठीक दिसायचं, एखादा पार्ट बदलायचो आणि पाठवून द्यायचो. बाईंचे साडेअकरा हजार गेले. पेन्शनीतले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी, सोनखेडच्या पुढं गाडी पुन्हा बंद पडली. काका मागच्या सीटवर. ऊन त्रेचाळीसच्या पुढं. माझा फोन त्या दिवशी उचलला गेला नाही, मी ट्रायलला गेलो होतो. दीड तास ते तिथं होते. शेवटी एका काळ्या-पिवळीवाल्यानं सीट रिकाम्या करून काकांना नांदेडला नेलं. तोवर त्यांची मशीनची पाळी गेली होती. ती रात्री उशिरा लागली, आणि तोवर काकांना धाप लागली होती. निभावलं. पण निभावलं हे आपण नंतर म्हणतो.

दुसऱ्या दिवशी बाई गॅरेजवर आल्या. मला वाटलं, बोलतील. मी आधीच म्हणलं, बाई, सगळे पैसे परत देतो. त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "पैशाचं राहू दे. तू काय मोजलंस ते सांग."

मी म्हणलं, पंप बदलला, कॉइल बदलली...

"ते बदललंस. मोजलंस काय?"

मला उत्तर देता आलं नाही. नववीला बाईंनी बर्फाच्या पाण्यात आणि उकळत्या पाण्यात थर्मामीटर धरून आलेख काढायला लावला होता. त्या दिवशी थर्मामीटर फोडणारा मुलगा मीच. त्याची आठवण बाईंनी त्या वेळी काढली नाही, ती आज सकाळी काढली.

गॅरेजात स्कॅनर होता, पण तो या गाडीशी बोलत नव्हता. तुम्हाला मोबाईलला जोडायचं स्वस्तातलं जे यंत्र मिळतं त्याचंही तसंच. आपल्याकडं गाडीत ही तपासणीची सोय सक्तीची व्हायला २०१० उजाडलं, आणि पूर्ण स्वरूपात यायला २०१३. त्याआधीच्या गाड्यांत ज्याची-त्याची वेगळी भाषा. म्हणून जुनी गाडी घेऊन 'स्कॅन करून सांगा' म्हणणाऱ्याला मी सांगतो, स्कॅनर बोलला तर ठीक, नाही तर मल्टीमीटर आहे, टेस्ट लॅम्प आहे, आणि डोकं आहे.

दुपारी दोन वाजता मी आणि बाई रिकामी गाडी घेऊन निघालो. एसी चालू. इंजेक्टरच्या वायरला एक बारीक एलईडी लावून ती काचेतून आत घेतली. पेट्रोलच्या दाबाचं गेज वायपरखाली टेपनं चिकटवलं. हे घरी कुणी करू नका, नळी सुटली तर गरम इंजिनावर पेट्रोल. लोह्यापर्यंत गेलो, काही झालं नाही. परत निघालो, काही नाही. माझा धीर सुटायला लागला. बाई म्हणाल्या, "आम्ही निघताना मेडिकलपुढं थांबतो रोज, दहा मिनिटं. गाडी चालूच ठेवते, ह्यांना उकडतं म्हणून."

ही गोष्ट तीन महिन्यांत मी त्यांना विचारलीच नव्हती.

मेडिकलपुढं दहा मिनिटं उभे राहिलो. एसी चालू, इंजिन चालू. मग निघालो, आणि दोन किलोमीटरवर एलईडी विझली. गाडी गप्प. गेजचा काटा तीनवर जसाच्या तसा. म्हणजे पेट्रोल आहे, पंप निर्दोष, माझा बदललेला आणि जुना सुद्धा. जादा प्लग लावून सेल मारला, ठिणगी नाही. ठिणगी आणि इंजेक्टर दोन्ही एकदम गेले, तर दोघांचं सामाईक काय आहे ते शोधायचं. हे तुमच्या लातूर पॅटर्नसारखंच आहे, चार पर्यायांतले तीन खोडायचे. कॉम्प्युटरला वीज येतेय का? येतेय. अर्थिंग? ठीक. मग राहिला क्रँकचा सेन्सर. त्याचं सॉकेट काढून मीटर लावलं. सकाळी गार असताना त्यानं काही शे ओहम दाखवले होते, वहीत लिहून ठेवले होते. आता मीटर काहीच दाखवेना. आतली तार उष्णतेनं फाकून तुटत होती. बाटलीतलं पाणी फक्त त्या सेन्सरवर ओतलं. चार मिनिटांनी ओहम परत आले. गाडी एका सेलला चालू.

मार्चमधल्या त्या ओल्या फडक्याचं पाणी ठिबकत कुठं गेलं असेल ते तुम्हीच ओळखा.

सेन्सर सात-आठशे रुपयांचा. पण बाई म्हणाल्या, "गेल्या उन्हाळ्यात नाही झालं असं. यंदाच का?" पोरगं उत्तर सांगून मोकळं होतं तेव्हा बाई वर्गात असंच विचारायच्या. मी बॉनेट उघडून एसी लावला आणि बघत बसलो. कंडेन्सरचा पंखा फिरतच नव्हता. एसी लावल्यावर तो फिरायला पाहिजे. त्याचं सॉकेट जळून वितळलं होतं. गाडी पळताना वारा लागतो, चालून जातं. उभ्या गाडीत एसीची सगळी उष्णता बॉनेटखाली साठायची आणि तो म्हातारा सेन्सर तिच्यात शिजायचा. सॉकेट आणि वायर दीडशे रुपये. त्याआधीच्या उन्हाळ्यात 'एसी कमी मारायलाय' म्हणून बाईंची गाडी मी एसीवाल्याकडं पाठवली होती, त्यानं गॅस भरून दिला होता. पंखा त्यानं बघितला नाही, मी बघितला नाही.

आता एसीचंच बोलतो, कारण या भागात सगळ्यात जास्त पैसा त्यातच वाया जातो. लोक म्हणतात, एसीचा गॅस संपला. अहो, एसी गॅस खात नाही. ते बंद चक्र आहे. गॅस कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. जुन्या गाडीत वर्षानुवर्षं रबराच्या होजमधून थोडा झिरपतो हे खरं. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर गळती शोधायची. जिथं गळतं तिथं गॅसबरोबर तेल येतं, त्यावर धूळ चिकटते. काळा ओशट डाग शोधा. नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावा. मग अर्धा तास तरी व्हॅक्यूम, मग वजन करून गॅस. अंदाजानं नाही. जादा गॅस भरला तर कूलिंग वाढत नाही, कमी होतं.

आणि गेज लावण्याआधी गिऱ्हाइकाला दोन प्रश्न विचारायचे. पळताना गार, सिग्नलला गरम? मग गॅसकडं जाऊच नका, पंखा बघा, कंडेन्सरच्या जाळीत बसलेला कचरा बघा. पळतानाही कोमट, आणि कॉम्प्रेसर सारखा लागतो-सुटतो? मग गॅस कमी असण्याची शक्यता जास्त. सुरुवातीला गार आणि तासाभरानं हवाच येईना? मग आत कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. गेजचंही सांगतो, आपल्या बॅचमधले इंजिनिअर बसलेत म्हणून. हल्लीच्या बहुतेक जुन्या गाड्यांत आर-१३४ए गॅस आहे. गाडी बंद असताना दोन्ही काटे सारखे असतात. चाळीस अंशात साधारण १३० पीएसआय. चालू केल्यावर खालचा ३०-४० वर यावा, वरचा आपल्या उन्हात २००-२५० च्या घरात. वरचा साडेतीनशेकडं पळाला तर पंखा आठवा. मात्र बंद गाडीत १३० दिसले म्हणून गॅस पुरेसा आहे असं समजू नका. थोडा जरी द्रव आत असला तरी काटा तेवढाच दाखवतो.

नव्वदच्या आधीच्या गाड्यांत आर-१२ होता, ओझोनला मारक म्हणून मॉन्ट्रियल करारानं गेला. त्याचं तेल वेगळं, याचं वेगळं. एकाच्या जागी दुसरा नुसता भरता येत नाही. स्वयंपाकाच्या गॅससारखा पेटणारा स्वस्त गॅसही काही जण भरतात. कूलिंग चांगलं देतो. पण डॅशबोर्डच्या आत गळला तर तुम्ही पेटत्या डब्यात बसलाय. एवढंच सांगतो.

आयडलकडं येतो. सकाळच्या त्या तीन गाड्या. इंजेक्शनच्या गाडीत पाय सोडला की थ्रॉटलची पाकळी जवळजवळ मिटते, आणि आयडलपुरती हवा बाजूच्या बारीक वाटेनं एक मोटर सोडते. त्या वाटेत काजळी साचली की मोटर धडपडते आणि आयडल वर-खाली होतो. एसी लावला की इंजिनावर ओझं येतं, कॉम्प्युटर जादा हवा मागतो, ती मिळत नाही, गाडी फस्स करून बंद. थ्रॉटल बॉडी साफ करणं हे तासाभराचं काम. पण अर्धे मिस्त्री काय करतात? पाकळीचा थांबा-स्क्रू फिरवतात. मी सुद्धा दोन-तीन वर्षं फिरवला, कार्बोरेटरची सवय. त्यानं आयडल त्या दिवसापुरता वर येतो. पण पाकळी मिटलीच नाही म्हणल्यावर कॉम्प्युटरला वाटतं, पाय दाबलेलाच आहे, मग तो आयडल सांभाळायचंच सोडून देतो. कंपनीनं रंगाचा ठिपका टाकून बंद केलेला तो स्क्रू. तो ठिपका तुटलेला दिसला की समजायचं, कुणीतरी आपल्या आधी येऊन गेलंय.

दुसरं म्हणजे व्हॅक्यूमचे होज. आपल्या उन्हानं रबर पाच-सात वर्षांत कडक होतं, तडकतं. मोजलेली हवा एकीकडून, न मोजलेली दुसरीकडून. चालू इंजिनात एक-एक होज पक्कडीनं हलकेच दाबत जायचं. ज्याला दाबल्यावर आयडल सुधारला, त्याच्याच पुढं कुठंतरी फट आहे. खर्च शून्य. आणि सोयाबीन निघाली की गोदामातले उंदीर बॉनेटमध्ये येतात, हे शहरातल्यांना सांगून खरं वाटत नाही. दिवाळीनंतर महिनाभर माझ्याकडं कुरतडलेल्या वायरिंगच्याच गाड्या असतात. लक्षण काहीही असू शकतं, आधी वायरी बघायच्या.

तिसरी गोष्ट माझीच आहे. बाईंच्या गाडीचा सेन्सर आणि पंखा झाल्यावर मी म्हणलं, आता सगळंच मोजू. गाडीचा अ‍ॅव्हरेज कमी होता, प्लग काळे होते, हिवाळ्यात आयडल चढलेला असायचा. इंजिनच्या पाण्याचं तापमान मोजलं. अर्धा तास हायवेवर पळवूनही ते पासष्टच्या वर जाईना. थर्मोस्टॅट उघडून बघितला तर आत नव्हताच. २०११ ला मीच काढून टाकला होता.

आपल्या भागातल्या मिस्त्र्यांची ही जुनी खोड. उन्हाळा आला की थर्मोस्टॅट काढायचा, म्हणजे पाणी सारखं फिरत राहील आणि गाडी तापणार नाही. कार्बोरेटरच्या गाडीला त्यानं फारसं बिघडत नसे. पण इंजेक्शनच्या कॉम्प्युटरला पाणी कोमट दिसलं की त्याला वाटतं, इंजिन अजून गारच आहे. मग तो पेट्रोल जादा देत राहतो, आयडल चढवून ठेवतो. सहा वर्षं बाई जादा पेट्रोल जाळत होत्या, माझ्यामुळं. मी वही काढून किती गाड्यांचे थर्मोस्टॅट काढले ते आठवायला बसलो. वहीच नव्हती. आठवले तेवढ्यांना फोन केले. सतरा गाड्या परत आल्या, त्यांत फुकट बसवून दिले. बाकीच्या अजून कुठं ना कुठं फिरतायत. तुमच्यापैकी कुणाची गाडी माझ्या हाताखालून २०१७ च्या आधी गेली असेल, तर जेवणानंतर सांगा.

इंजिन तापतं त्याचं कारण बहुतेक वेळा रेडिएटरमधलं पाणी असतं. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या वर्षी लोक खोल बोअरचं जड पाणीच गाडीत ओतत होते. भांड्याला धरतो तसा पांढरा थर आत धरतो. तापमानाच्या सेन्सरवर तोच थर, रेडिएटरच्या नळ्यांत तोच थर. कूलंट घाला, आणि मिसळायला बॅटरीचं शुद्ध पाणी वापरा.

डिझेलवाल्यांनो, तुम्हाला दोनच वाक्यं. जुन्या पंपाच्या जीपची नोझलची नळी चालू इंजिनात ढिली करून मिसिंग शोधायची आपली पद्धत कॉमन रेलच्या गाडीला करू नका, तिथं दाब हजार बारच्या पुढं असतो, बोट कापलं जातं. तिथं इंजेक्टरच्या रिटर्नला चार सारख्या बाटल्या लावायच्या आणि कुठली आधी भरते ते बघायचं. आणि आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलंय. वीस वर्षांपूर्वीच्या गाडीची रबरं त्याच्यासाठी बनवलेली नाहीत. पेट्रोलच्या नळ्या वर्षातून एकदा हातानं दाबून, वाकवून बघा, वास आला तर थांबू नका. पंपावरच्या पोरावर ओरडून उपयोग नाही.

बाईंनी पैसे घेतले नाहीत. म्हणाल्या, वही घाल. म्हणून २०१७ पासून वही आहे. आता सहावी चालू आहे. तारीख, बाहेर ऊन किती होतं, गिऱ्हाईक काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत, आणि मी काय मोजलं. बदललेला पार्ट शेवटच्या रकान्यात. गॅरेजवरचं पोरगं कुरकुर करतं, "उस्ताद, लिहू का काम करू?" मी म्हणतो, आधी लिही.

काका त्यानंतर अडीच वर्षं त्याच गाडीतून डायलिसिसला गेले. एकदाही ती वाटेत थांबली नाही. ते गेल्यावर बाईंना मुलानं विचारलं, विकायची का? बाईंनी पंधरा वर्षांनंतरचं पासिंग करून घेतलं होतं, त्या म्हणाल्या, चालतेय तोवर राहू दे. आज त्या तीच गाडी घेऊन आल्यात, बाहेर लिंबाखाली उभी आहे. सकाळी आल्या-आल्या मी बॉनेट उघडायला लावलं. एसी लावला, पंखा फिरला.

आता शेवटचं, कारण भाजी-भाकरीचा वास इथपर्यंत यायलाय. ज्यांना गाडी दाखवायचीय त्यांनी जेवून झाल्यावर लगेच आणू नका, तोवर ती गार झालेली असेल. आधी शिवाजी पुतळ्यापर्यंत एक चक्कर मारा, एसी लावून दहा मिनिटं उभी ठेवा, आणि चालूच आणा. आणि ती कधी, कुठं, किती वेळानं त्रास देते ते कागदावर लिहून आणा. वही मी आणलीय.